चालत जाण्याइतकं शहर

लालबाग-परळमध्ये वाढलेल्या माणसाला पत्ता विचारा, तो अजून पायांच्या हिशेबात सांगतो. भारतमाता टॉकीजला उतरा, गणेश गल्ली विचारा, तिथून दोन मिनिटं. किती लांब आहे म्हणाल, तर "हे काय, इथंच." माझं अख्खं बालपण या टप्प्यात मावलं. आण्णांची, म्हणजे वडिलांची, कामाची गिरणी जवळ, म्युनिसिपालटीची शाळा जवळ, मार्केट जवळ, ताप आला तर केईएम जवळ. आमच्या चाळीतली बहुतेक पोरं परळच्या वाडिया हॉस्पिटलात जन्मली आणि म्हातारी माणसं गेली की भोईवाड्याच्या स्मशानात नेली जायची. दोन्हींच्या मध्ये पायी फार तर वीस मिनिटांची वाट. तेवढ्या पट्ट्यात माणसं पूर्ण आयुष्य काढत आणि एसटी पकडत ती फक्त गावाला जायला.

गेली कित्येक वर्षं मी डोंबिवलीत राहते आणि परळच्याच एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. म्हणजे रोज सकाळी माहेरी उतरते आणि रोज संध्याकाळी तिथून निघते. ज्यांचं गाव लांब असतं त्यांना ते आठवणीत तरी जसंच्या तसं ठेवता येतं. माझं गाव माझ्या डोळ्यांदेखत बदलत गेलं. आज इथं पत्रे लागले, उद्या तिथली चिमणी पाडली, परवा ओळखीच्या कोपऱ्यावर काचेची भिंत आली. या रोजच्या येण्या-जाण्यात माझ्या मनाशी एक गोष्ट पक्की झाली आहे. भोंगा, कौलं, गॅलरीतल्या गप्पा, सगळ्यांची आठवण येते. पण त्याहून मोठी वस्तू आमच्या हातून गेली, ती म्हणजे जवळपण. काम, घर, दवाखाना, नाटक, नातेवाईक यांच्यामध्ये अंतर नसणं.

हे जवळपण आम्हाला कुणी मायेने दिलं नव्हतं, हेही सांगायला हवं. ताडदेवला १८५६ मध्ये मुंबईतली पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत भायखळ्यापासून परळ, शिवडी, वरळीपर्यंत धुराडी उभी राहिली. बदली, म्हणजे कायम नसलेल्या, कामगाराला रोज पाळीच्या वेळी गेटवर उभं राहावं लागे. आत कोण कोण आलेलं नाही ते बघून जॉबर, म्हणजे माणसं भरणारा मुकादम, बाहेरची माणसं उचली. लांबून येणाऱ्यापेक्षा गेटसमोरच्या चाळीत राहणाऱ्याला काम लागण्याची शक्यता जास्त, म्हणून माणसं गेटला चिकटून राहिली. ट्राम १९०७ पासून विजेवर धावत होती, पण भाड्याचे पैसे वाचवायला पाय होतेच. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (बीडीडी) वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीला २०७ चाळी बांधल्या. एक खोली १६० चौरस फुटांची. मालकाला हाकेच्या अंतरावर माणूस हवा होता आणि माणसाला हाकेच्या अंतरावर काम. दोघांचं जमलं, तेवढंच.

गिरणीतलं कामही सुखाचं नव्हतं. आण्णा साचेवाले होते, म्हणजे माग चालवणारे. धागा तुटू नये म्हणून खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवत, त्यामुळे बाराही महिने अंगाला घाम. साच्यांचा आवाज इतका की शेजारच्याशी खुणांनी बोलायचं. घरी आल्यावरही आण्णा मोठ्याने बोलत, आणि आपण मोठ्याने बोलतो आहोत हे त्यांना कळत नसे. त्रासन म्हणजे सूतकताईच्या खात्यातल्या आणि कापूस फोडणाऱ्या खात्यातल्या लोकांच्या छातीत तंतू जाऊन बसत. चाळीतल्या खोकल्यावरून आम्ही कोण जागं आहे ते ओळखायचो. त्या दिवसांवर मी प्रेम करते, पण ते परत यावेत असं कुणी म्हणालं, तर मला आधी तो खोकला आठवतो.

आमची खोली म्हणजे दिवसभर खानावळ. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीहून एकटे आलेले पुरुष एकेका गाळ्यात पंधरा-वीस जण राहत. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रातपाळीचा त्याच वळकटीवर आडवा होई. त्यांच्या जेवणाची सोय आईसारख्या बायका करत. आई पहाटे चारला नळाला पाणी आलं की उठायची ते मध्यरात्री दुसऱ्या पाळीची माणसं जेवून गेल्यावर पाठ टेकायची. स्टोव्हचा आवाज, भाकऱ्यांची चवड, कुळथाची पिठी, बुधवारी-रविवारी मासे, श्रावणात शुद्ध शाकाहारी. कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाला वांगं चालत नाही, कुणाचं पोट बिघडलंय म्हणून त्याला मऊ भात, हे सगळं तिच्या डोक्यात. तिच्याहून वयाने मोठे पुरुष तिला "आक्का" म्हणत आणि ताटावर बसल्यावर मान वर करून बघत नसत.

पैसे महिन्याला पगाराच्या दिवशी. त्या दिवशी गिरणीच्या गेटवर सावकारी करणारे पठाण काठ्या टेकून उभे असत, आणि थोड्या अंतरावर डोक्यावर पदर घेतलेल्या खानावळवाल्या बायका. महिनाभराचं धान्य आधी उधारीवर आणायचं, मग जेवू घालायचं, मग पैसे वसूल करायचे. या मधल्या उधारीतच त्या बायका सावकाराच्या तावडीत सापडत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायला सुरुवात केली. याहून मोठं काम गिरणगावात फार थोडं झालं, असं मी मानते. घराच्या उंबरठ्यातून न हलता माझी आई कमावती होती, आणि जन्मभर राबलेल्या त्या बाईच्या कामाला पहिल्यांदाच कुणीतरी काम म्हटलं होतं.

आईचा सगळा हिशेब एका लाल पुठ्ठ्याच्या वहीत असायचा. नावं, गाव, खाडे, बाकी. तिला लिहिता येत नव्हतं. संध्याकाळी ती सांगायची आणि मी लिहायची. माझं अक्षर गिरणगावच्या उधारीवर सुधारलं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होते. दत्ता सामंतांच्या हाकेवर सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पहिले काही महिने गल्लीत उत्साह होता. सभा, घोषणा, मोर्चे, आणि सगळीकडे एकच बोलणं, की आता फार दिवस नाहीत. मग एकटे राहणारे लोक एकेक करून गावाकडे निघाले, पेरणी करून येतो म्हणून. आईने कुणाला पैसे मागितले नाहीत. म्हणायची, पोटाला नसलेल्या माणसाकडे काय मागायचं? वहीत बाकीचे आकडे तसेच राहिले. दुकानदाराने धान्य देणं थांबवलं आणि खानावळ बंद झाली. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो लोकांच्या घराघरांतून वेगवेगळ्या दिवशी संपला.

अंतर आमच्या घरात शिरलं ते तेव्हा. कापडाचं काम बंद पडलं नव्हतं, ते भिवंडीच्या यंत्रमागांवर गेलं होतं. आण्णाही तिकडे गेले. गिरणीपेक्षा कितीतरी कमी मजुरी, बारा तासांची पाळी, ना फंड ना रजा. तिथंच एका शेडमध्ये झोपायचे आणि सुट्टीच्या दिवशी घरी यायचे. जेवणाच्या सुट्टीत चालत घरी येऊन, पोरांच्या डोक्यावर हात फिरवून परत कामाला जाणारा माणूस आठवड्याचा पाहुणा झाला. धाकटा भाऊ त्यांच्याजवळ जायला बिचकायचा. संपाने काय काय नेलं याचे हिशेब पुष्कळ झाले आहेत. आमच्या घरापुरता माझा हिशेब एवढाच आहे.

पुढे बऱ्याच वर्षांनी, आम्ही अजून लालबागलाच होतो तेव्हा, एक माणूस पाठीवर पोतं घेऊन दारात उभा राहिला. कोरेगाव तालुक्यातला. गिरणी गेल्यावर त्याने गावची शेती धरली होती. पोत्यात वाघ्या घेवडा होता. आईने ओळखलं नाही. तो म्हणाला, "आक्का, वही आहे का?" वही होती, ट्रंकेच्या तळाशी. मी पानं उलटली. माझ्या शाळकरी अक्षरात त्याचं नाव, गाव आणि बाकी. त्याने नावावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "एवढ्यावर रेघ मारा." पैसेही आणले होते, पण आई घेईना. शेवटी ती म्हणाली, घेवडा ठेवते, पैसे ने, आणि जेवल्याशिवाय जायचं नाही. मी रेघ मारली. बाकीच्या नावांवर रेघ मारायला कुणी आलं नाही, आणि त्याचा राग आईच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. येणं-जाणं परवडण्याइतकी ती माणसं जवळ उरलीच नव्हती.

मग आण्णांची छाती धरली. औषधपाण्यात खोली गेली. पागडीची खोली होती, घरमालकाचा हिस्सा देऊन हातात जे उरलं त्यात डोंबिवलीला एक छोटी जागा आली. तेव्हा असंच चाललं होतं. लालबाग, काळाचौकी, करी रोडवरून टेम्पो भरून निघायचे, डोंबिवली, कल्याण, नालासोपारा, विरारकडे. नव्या घरात स्वतःचं न्हाणीघर होतं, संडास आत होता, आईला त्याचं फार सुख वाटलं. पण आण्णांना तपासायला न्यायचं तर केईएमच हवं, आणि आता केईएम लोकलने तासाभरावर होतं.

आम्ही निघालो आणि मागे जमिनीचा व्यवहार सुरू झाला. गिरण्यांची जमीन साधारण सहाशे एकर, तीही शहराच्या ऐन मध्यावर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमात तिची वाटणी सांगितली होती. साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, साधारण तेवढीच घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने या जमिनींचा एकत्रित विचार करायला सांगितलं होतं. मैदानं, रस्ते, घरं सगळं एकत्र आखता आलं असतं. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी आता पूर्ण जमिनीची होणार नव्हती. गिरणीच्या आवारात शेडशिवाय जो रिकामा तुकडा असेल तेवढ्याचीच होणार होती. गिरणीचं आवार ज्याने पाहिलंय त्याला माहीत आहे, तिथं रिकामं फार थोडं असायचं. लोक कोर्टात गेले, पण २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियमच कायम ठेवला. मुंबईच्या गेल्या पन्नास वर्षांत सामान्य माणसाच्या विरोधात झालेला सगळ्यांत मोठा निर्णय कुठला, असं मला विचारलं तर मी हाच सांगेन.

फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला, कमला मिलच्या आवारात ऑफिसं आणि हॉटेलं आली, श्रीनिवास मिलच्या जमिनीवर मुंबईतल्या सर्वांत उंच इमारतींतली एक उभी राहिली. तिथं काम मिळालं, हे खरं आहे. आमच्या चाळीतल्या कितीतरी मुली त्या काचेच्या इमारतींत नोकरीला लागल्या. पण जिथं काम आहे तिथं राहता येत नाही, आणि राहतात तिथं काम नाही. पाळी आजही आहे. सिक्युरिटीची पाळी, हाउसकीपिंगची पाळी, मॉलच्या काउंटरवरच्या मुलींची पाळी. रात्री अकराला शटर ओढून त्या मुली बदलापूर, टिटवाळ्याची गाडी गाठायला धावतात. त्यांच्या आज्या-पणज्या त्याच गेटातून निघून चालत घरी जात होत्या.

या अंतराची किंमत एकदा फार क्रूरपणे मोजली गेली. परळ आणि एल्फिन्स्टन रोड ही दोन स्थानकं जोडणारा जुना पूल अरुंद होता. आसपासच्या गिरण्यांत लोक पायी येत होते तोवर त्याचं चाललं. ऑफिसं आली आणि हजारो माणसं पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वेमार्गांवरून तिथं उतरू लागली. २९ सप्टेंबर २०१७ ला, पावसाच्या सकाळी, त्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. पुढच्या फेब्रुवारीत लष्कराने बांधलेला नवा पूल खुला झाला, जुलैत स्थानकाचं नाव प्रभादेवी झालं. मी आजही त्या जिन्याजवळून जाताना हात रेलिंगवर ठेवते. आता एल्फिन्स्टनचा वाहनांचा पूलही सप्टेंबर २०२५ पासून बंद झाला आहे, शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी तो पाडून नवा बांधायचा आहे. होईल, चांगला होईल. पण तोवर रुळांपलीकडून केईएम, वाडिया, टाटाला येणाऱ्या पेशंटच्या टॅक्सीला वळसा पडतो, आणि उशिरा पोचलेल्या नातेवाइकांचे चेहरे मी रोज बघते.

सगळंच हातचं गेलं असं मी म्हणणार नाही. वरळीच्या बीडीडी चाळीतली माझी एक शाळकरी मैत्रीण ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरात गेली. पहिल्या टप्प्यात ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या, त्यांत ती. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत, आणि तेही त्याच वरळीत. वास्तुशांतीला मी गेले. तिच्या म्हाताऱ्या आईने मला हाताला धरून सगळ्यात आधी काय दाखवलं असेल, तर घरातला संडास. मध्यरात्री गुडघे धरत कॉमन संडासाच्या रांगेत उभी राहिलेली ती बाई, दाराची कडी लावून दाखवत होती आणि हसत होती. उंच इमारतीत शेजारधर्म राहत नाही, दारं बंद होतात, असं पुष्कळ जण हळहळतात. मला ती हळहळ पटत नाही. दार बंद करता येणं हाही माणसाचा हक्क आहे. त्या घराची खरी श्रीमंती ही की तिच्या मुलाची नोकरी, नातवाची शाळा आणि तिचा डॉक्टर, तिघेही होते तिथंच राहिले.

गणपतीत लालबाग पुन्हा भरतं. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० चा, गणेश गल्लीचा १९२८ चा, लालबागचा राजा १९३४ चा. दर्शनाच्या रांगेत अख्खी मुंबई असते, पण आमच्या लोकांसाठी ते दहा दिवस वेगळ्या कारणाने मोलाचे आहेत. विरारचे, कल्याणचे, पनवेलचे जुने शेजारी त्या दिवसांत मंडळाच्या कोपऱ्यावर भेटतात. कुणाची मुलगी लग्नाची झाली, कोण गेलं, कुणाचं बायपास झालं, ते तिथं कळतं. एरवी गाडीवाल्यांसाठी लालबाग उरलेलंच नाही. २०११ मध्ये झालेल्या उड्डाणपुलावरून ते परळहून भायखळ्याकडे निघून जातात, खाली मिरच्या कुटणाऱ्या डंकाचा खाट त्यांच्या नाकापर्यंत पोचत नाही. परळचं दामोदर नाट्यगृह, जिथं गिरणी कामगारांनी स्वतः रंग लावून नाटकं केली, कामगार रंगभूमी जिथं वाढली, ते शंभरी गाठून पुनर्विकासासाठी पाडलं गेलं. नवं नाट्यगृह झालं पाहिजे, आणि पहिल्या पाळीहून सुटलेल्या माणसाला खिशातून काढता येईल अशा तिकिटाचं झालं पाहिजे.

आमच्या प्रयोगशाळेत महिन्याला तपासणीसाठी रक्त द्यायला एक आजोबा येतात. त्रासन खात्यातले. छातीचं जुनं दुखणं, इनहेलर खिशात. काळाचौकीला मुलाच्या भाड्याच्या खोलीत राहतात. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखांहून जास्त अर्ज आलेले आहेत, त्यांत त्यांचाही आहे. म्हाडाच्या २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीत त्यांचा नंबर लागला नाही, नंतरही नाही. आता सरकार शेलू आणि वांगणीला घरं देऊ म्हणतं. गेल्या महिन्यात त्यांनी सुई टोचून घेता घेता विचारलं, "ताई, शेलूवरून इथं यायला किती वेळ?" मी सांगितलं, कर्जतची गाडी, दीड तासाच्या वर धरा, आणि गाड्या थोड्या. ते जरा थांबले आणि म्हणाले, "रात्री दम लागला तर?"

त्यांना मी घर नाकारा असं सांगू शकत नाही. चाळीस वर्षं वाट बघितलेल्या माणसाला तसं सांगण्याचा अधिकार मला नाही. पण राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या काही बंद गिरण्या अजून गिरणगावात उभ्या आहेत. चिमण्यांवर पिंपळ उगवलेत, गेटवर वॉचमन आहे, आत जमीन आहे. तिथून केईएम चालत जाण्याच्या अंतरावर आहे. घरं तिथं व्हायला हवीत, या कामगारांची, आणि मॉलमधून रात्री अकराला सुटणाऱ्या त्या मुलींचीही. कामगार संघटना मुंबईतच घर द्या म्हणून आझाद मैदानावर बसतात तेव्हा टीव्हीवर मिनिटभर दिसतात. आजोबा त्या गर्दीत असतात. पुढच्या वेळी मी रजा टाकून त्यांच्याबरोबर जाणार आहे, आणि डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत लालबागहून आलेली जी चार घरं आहेत, त्यांनाही निरोप दिला आहे.